फुलांमागचा फ्लेक्स

नाशिकहून परत आल्यावर साताऱ्यात ज्याने त्याने एकच प्रश्न विचारला, "पंचवटी पाहिलीत का?" पाहिली. पाच दिवस तिथेच तर उतरले होते. पण खरं सांगायचं तर त्या मुक्कामात मी सगळ्यात जास्त वेळ काय पाहिलं असेल, तर एका पुढाऱ्याच्या छबीची मागची बाजू. ती काळी होती, एकसारखी होती आणि पुढच्या बाजूपेक्षा पुष्कळ कामाची होती. हे कसं घडलं ते राग शिल्लक आहे तोवर लिहून टाकते. माझा राग एरवी आठवडाभर टिकत नाही. हा महिना झाला तरी ताजा आहे.

निमंत्रण शरददादाचं. शरददादा माझा मामेभाऊ. नाशिकबाहेर, त्र्यंबकच्या दिशेला असलेल्या एका गावच्या शाळेत त्याने सगळी नोकरी जीवशास्त्र शिकवण्यात घालवली. राहायचा पंचवटीत, शाळेला रोज एसटीने. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या भाद्रपदात तिथे रील काढायला झुंबड उडेल, आणि आमच्या साताऱ्याकडच्या पठारांवर ती झुंबड मी पुरेशी पाहिली आहे.

भाद्रपदाच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. "नलू, तुझा तो फुलांचा दवाखाना घेऊन ये. टेकडी जाणार."

टेकडी म्हणजे शाळेमागचा गायरानाचा उतार. तीस-बत्तीस वर्षं दादा पोरांना घेऊन तिथे जायचा. आता ग्रामपंचायतीपुढे ठराव येत होता की ही जागा पडीक आहे, तिथे काहीही उपयोगाचं उगवत नाही, सबब ती जेसीबीने सपाट करून तिथे हिरवळ लावावी, नर्सरीतून फुलझाडं आणावीत, मधोमध बदामाच्या आकाराची कमान उभारावी, आणि या सगळ्याला 'भाऊ पुष्पवाटिका' असं नाव द्यावं. थोडक्यात, फुलांची बाग करण्यासाठी फुलं उपटायची. शुक्रवारी ग्रामसभा होती. त्याआधी टेकडीवर काय काय उगवतं ते फोटोंनिशी गावापुढे ठेवायचं, असं दादाने ठरवलं होतं.

भाऊ कोण, हे मी तिथे एकदाच विचारलं. मला चार पदं सांगण्यात आली. त्यातली तीन माजी होती.

सोमवार, पंचवटी

वहिनी लेकीकडे गेल्या होत्या, त्यामुळे घरात पसाऱ्याला हरकत घेणारं कुणी नव्हतं. मी दवाखाना, म्हणजे फुलांचे फोटो काढायच्या सामानाची पिशवी, उघडला. त्यात असतं ते असं: साडीच्या खोक्यांची झाकणं, त्यांवर खळीने चिकटवलेलं काळं मखमली ब्लाउजपीस, पांढऱ्या परकराचा तुकडा, ऊन मऊ करायला जुना मलमलचा पंचा, कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि उजेड फुलावर परतवायला बिस्किटाच्या पुड्यांची आतली चंदेरी बाजू, पुठ्ठ्यावर ताणून. रानात फुलाचा फोटो काढला की फुलापेक्षा मागचं गवतच जास्त येतं. फुलामागे हातभर अंतरावर काळं मखमल धरलं आणि त्यावर आपल्या छत्रीची सावली पाडली, की मागचं सगळं बुडतं आणि फूल एकटं उजेडात येतं. फूल तोडावं लागत नाही. यात माझी एवढीच कला आहे, आणि तिचा मला बराच गर्व होता. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

दादाने मिसळ खायला नेलं. इथली मिसळ काळ्या मसाल्याची, सोबत पापड आणि दही. आमच्याकडे मिसळीबरोबर पापड मागितला तर लोक वळून बघतील. मी दोन खाल्ले. वाटेत गोदाकाठी दुचाक्या, रिक्षा आणि भाजीच्या पाट्या यांच्यामधून सीतागुंफेची रांग सरकत होती. दादा म्हणाला, "उद्या तुला सीतेची आसवं दाखवतो. तिथे रांग नाही."

मंगळवार, टेकडी

सीतेची आसवं म्हणजे निळसर जांभळी, नखाएवढी फुलं. पाणी झिरपणाऱ्या कातळावर ती हजारांनी होती, आणि खरंच, आम्ही दोघं सोडून कुणी नव्हतं. बाजूला गुलाबी तेरडा, फोडशीची पांढरी फुलं, केन्याची निळी, कुर्डूचे तुरे, आणि कुंपणावर चढलेली कळलावी, लालपिवळी, पेटल्यासारखी. दादा मला टेकडी दाखवत नव्हता, वर्ग भरवत होता. "इथे आठवी ब बसायची. त्या दगडावर. फोडशीचे पुंकेसर मोजायला लावायचो."

मी गुडघ्याखाली गोणपाट टाकून बसले. तीन फुलं झाली. चौथ्याला पाऊस आला. तो काही मोठा पाऊस नव्हता, पण खोक्याच्या पुठ्ठ्याला तेवढा पुरला. खळ सुटली, मखमलीला बुळबुळीत पांढरे ओघळ आले आणि झाकणांचा लगदा झाला. साताऱ्यात मी हे पुठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळते. इथे प्लास्टिक गुंडाळलं होतं ते कपड्यांना.

उताराच्या पायथ्याशी हिराबाईंचं झेंडूचं शेत आहे. त्या रोज पहाटे फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात जातात आणि दहाच्या सुमाराला परततात. आम्हाला भिजताना पाहून त्यांनी गोठ्यातून हाक मारली.

"सर, ह्या ताई कोण म्हणायच्या?"

"माझी बहीण. साताऱ्याहून आली. फुलांचे फोटो काढते."

"मी इतकी फुलं इकते, माझ्या फुलाचा फोटो कोणी काढला नाय," त्या हसून म्हणाल्या. "आन् ह्या गवताचा काढाया साताऱ्याहून येत्यात."

त्यांनी चुलीवरची नागलीची भाकरी आणि केन्याची भाजी वाढली. केना टेकडीवरचाच. म्हशीचा चारा टेकडीवरचाच. आषाढात फोडशीची कोवळी पानं सगळं गाव टेकडीवरूनच खुडून नेतं. ठरावात 'उपयोगाचं काही नाही' असं लिहिलं आहे, हे दादाने सांगितल्यावर त्यांनी माझ्या ताटाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "मग ह्ये काय हाय?"

बुधवार, द्वारका

सकाळी काळं कापड शोधायला दादाच्या स्कूटरवर नाशिकमधल्याच द्वारकेला गेलो. तिथला चौक ओलांडण्याबद्दल मी काही लिहिणार नाही, ओलांडला एवढंच. तिथे कॅमेऱ्याच्या सामानाचं एक चकचकीत दुकान सापडलं. तरुण मालकाने विचारलं, "मॅडम, सध्या तुमचा सेटअप काय आहे?"

"साडीचं खोकं."

त्याच्या चेहऱ्यावर आजारी माणसाला भेटायला आल्यासारखा भाव आला. त्याने एक घडीचा पडदा काढला, इम्पोर्टेड म्हणून सांगितला, पाच रंग मोजून दाखवले. मी विचारलं, "पावसात चालेल का?"

"पावसात कशाला, मॅडम? हा स्टुडिओसाठी आहे."

"फुलं स्टुडिओत येत नाहीत हो."

"मग आर्टिफिशियल घ्यायची," तो अगदी मनापासून म्हणाला. "आजकाल फरक कळत नाही. वाराही लागत नाही त्यांना."

मी पायऱ्या उतरले. संतापाने माझ्या तोंडून शब्द फुटेना, आणि फुटला असता तरी त्या चौकात दादाला ऐकू गेला नसता. शेजारी कापडाची दुकानं होती, पण मिळेल ते काळं सॅटीन, आरशासारखं चमकणारं. रिकाम्या हाताने टेकडी गाठली.

"काय झालं ताई, तोंड का उतरलं?" हिराबाईंनी विचारलं. मी सांगितलं: काळं हवं, चमकायला नको, भिजलं तरी चालायला हवं.

त्यांनी वर बोट केलं. "असलं?"

मी गोठ्याच्या छताकडे पाहिलं. आतून सगळं छत काळं होतं. काळपट, मळकट, जराही न चमकणारं काळं. बाहेर जाऊन वर पाहिलं तर भाऊ आभाळाकडे तोंड करून हात जोडत होते. वाढदिवसाचा फ्लेक्स. दोन भाऊ छतावर होते, आणि एक भाऊ कडब्यावर झाकणासाठी गुंडाळून ठेवलेले.

"दर साली वाढदिस येतो," हिराबाई म्हणाल्या. "वाढदिस झाला की आम्ही सोडून आणतो. पानी आडवतं चांगलं. न्या तुम्ही, पर कापू नका. मला पुढं लागंल."

कापला नाही. दोन्ही टोकांना बांबू होतेच. मी जन्मात वापरलेला सगळ्यात उत्तम पडदा तो. पाऊस आला की थेंब झटकून टाकायचा. दादा एक बांबू धरून उभा राही, दुसरा आम्ही दगडांच्या आधाराने उभा करायचो, मी पालथी पडून फोटो काढायची. त्या दिवशी अंधारून येईतो सतरा फुलं झाली. फोडशीचं पांढरं फूल त्या काळ्यावर असं उठून आलं की दादा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "बत्तीस वर्षं शिकवलं, पण पाहिलं आज."

गुरुवार, पुन्हा टेकडी

काळी बाजू आमच्याकडे होती, म्हणजे भाऊ रस्त्याकडे होते. हे आमच्या डोक्यात आलं नाही. आम्ही दोन दिवस मागची बाजू इतक्या निगुतीने पाहत होतो की पुढच्या बाजूकडे एकदाही लक्ष गेलं नाही.

अकराच्या सुमाराला बुलेट आली, उताराशी थांबली आणि तीवरून तिशीचा एक गडी तरातरा वर चढला. गळ्यात गमछा, हातात दोन फोन.

"कोणाला इचारून भाऊंना उलटं केलं?"

मी फ्लेक्सच्या पलीकडे जाऊन पाहिलं. भाऊ खरोखरच उलटे होते. डोकं खाली, कपाळापर्यंत चिखलात, जोडलेले हात वर, आभाळाच्या दिशेने. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने दोन दिवस हे दृश्य पाहिलेलं असणार. आंदोलनात लोक फोटो उलटा टांगतात, इतकं राजकारण मलाही कळतं.

"गोऱ्या," बांबू न सोडता दादा म्हणाला, "आठवी ब ना तू?"

गड्याचा, म्हणजे गोरखचा, आवाज एक पायरी उतरला. "सर, ते झालं. पर ह्ये काय चालवलंय? इरोधकांनी सांगितलं का?"

"फुलांचे फोटो काढतोय. इथली. तू याच दगडावर बसायचास. तुला फोडशीचे पुंकेसर मोजता यायचे नाहीत."

"सर, इथं काय उगतंय? पडीक हाय समदं," गोरख म्हणाला. हे म्हणताना तो तेरड्याच्या ताटव्यात घोट्यापर्यंत उभा होता. मी ते त्याला सांगितलं. त्याने पाय उचलला आणि दुसऱ्या ताटव्यात ठेवला.

"झाली चूक ती दुरुस्त करा," तो म्हणाला. "भाऊ सरळ करा. आन् फोटो काढायचाच असंल तर भाऊंसंग काढा. मागं भाऊ दिसले पायजेत."

"मी काढणार नाही," मी म्हणाले. मी शांतपणे म्हणाले असं मला वाटतं. दादाच्या मते खाली म्हशीने मान वर केली.

मग गोरखने स्वतः काढला. दादाने भाऊंना सरळ केलं, चिखल पंच्याने पुसला, माझ्या पंच्याने, आणि गोरखने कळलावीची वेल पुढे घेऊन फोटो काढला. पुढे ती पेटलेली फुलं, मागे भाऊंचं हसू, जोडलेले हात, सोन्याची साखळी, आणि खाली ठळक अक्षरांत 'शुभेच्छुक: समस्त ग्रामस्थ', पुढे गावाचं नाव. माझ्या आयुष्यात मी फुलाचा इतका ओंगळ फोटो पाहिलेला नाही. त्याने तो जागच्या जागी स्टेटसला टाकला. वर लिहिलं: 'निसर्गप्रेमी भाऊ'. आणि बुलेट घेऊन गेला. फ्लेक्स मात्र नेला नाही. त्याचं काम झालं होतं.

मी संध्याकाळपर्यंत धुसफुसत राहिले. फुलं मात्र चाळीस पूर्ण झाली.

शुक्रवार, मारुतीचं देऊळ

ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात. आमच्याकडे ग्रामसभेला गणपूर्तीची मारामार. इथे बायकासुद्धा वेळेवर आल्या होत्या, एका बाजूला सतरंजीवर. सरपंच मध्यमवयीन, सौम्य माणूस, घड्याळाकडे सारखं बघणारा. सत्काराने सुरुवात झाली. कुणाचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. शाल-नारळ मात्र तीन गेले. मग ग्रामसेवकाने ठराव वाचला. "सदर जागा पडीक असून तेथे कोणतीही उपयुक्त वा शोभिवंत वनस्पती आढळून येत नाही." आढळून येण्यासाठी आधी जावं लागतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं, दादाने डोळ्यांनी गप्प केलं.

तो उभा राहिला. फार बोलला नाही. चाळीस फोटो त्याने रात्रीच छापून आणले होते. ते हातोहात फिरवायला दिले. माणसं हरखून बघत होती. "लय भारी!" "ह्ये तर टीव्हीवरच्यावानी हाय!" मी मागे बसून, खोटं कशाला सांगू, फुलून गेले होते.

मग सरपंचांनी विचारलं, "सर, कुठली फुलं म्हणायची ही?"

"आपल्या टेकडीवरची."

लोक हसले. वाईटपणाने नव्हे, सरांनी विनोद केला असं समजून हसले.

"आपल्या?" सरपंचांनी फोटो लांब धरला. "सर, मागं तर समदा अंधार हाय. टेकडी कुठं दिसती यात?"

"नेटवरून काढल्यात," गोरख मागून म्हणाला. "फॉरेनची हायेत. आपल्याकडं असली फुलं असती तर दिसली नसती का?"

तो बरोबर बोलत होता. चाळीस फोटो, आणि एकातही टेकडी नव्हती. ना कातळ, ना शाळेची भिंत, ना गवताची एक काडी. मी स्वतःच्या हाताने, मोठ्या कौशल्याने, ती सगळी पुसून टाकली होती. जे जेसीबी करणार होता ते मी आधीच फोटोत करून ठेवलं होतं. दादा काहीतरी बोलू लागला, पण सरपंचांनी ग्रामसेवकाकडे मान वळवली आणि ग्रामसेवकाने पेन उघडलं.

"थांबा," बायकांच्या बाजूने आवाज आला. हिराबाई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावर घट्ट ओढला. "गोरख, तुझ्या फोनवरला फोटो दाखव की रे."

"कुठला, मावशी?"

"स्टेटसचा. काल टाकलेला. माझ्या सुनंनं दाखवला मला. भाऊ हायेत त्यात."

"तो... तो कशाला आता?"

"का? भाऊंचा फोटो दाखवाया लाज वाटती का काय?"

मंडपात कुणीतरी खुसकन हसलं. गोरखने दोन्ही फोन खिशात घातले होते. त्यातला एक बाहेर आला. सरपंचांनी घेतला, नाकाजवळ नेला.

"मागचा फ्लेक्स आपल्याच गावचा हाय ना?" हिराबाईंनी विचारलं. "खाली लिवलंय बघा. माझ्याच गोठ्यातला हाय त्यो. मग पुढचं फूल कुठलं? फॉरेनचं?"

गोरखने गळ्यातला गमछा सारखा केला.

"का भाऊच खोटे हायेत? बोल की."

आता तो दोन्हीकडून अडकला होता. फूल इथलं नाही म्हणावं, तर निसर्गप्रेमी भाऊ नेटवरचे ठरतात. इथलं म्हणावं, तर ठराव खोटा ठरतो. त्याने हळूच म्हटलं, "टेकडीवरचीच हाय कळलावी."

"आन् फोडशी? आषाढात तुझी आय पाटी भरून कुठून नेती?"

"टेकडीवरून," गोरख जमिनीकडे बघत म्हणाला. त्याची आई बायकांतच बसली होती. तिने जोरात मान हलवली.

मग माझे फोटो पुन्हा एकदा फिरले, आणि या वेळी लोक फुलं ओळखू लागले. "ह्यो तर आपला केना!" "ह्यो कुर्डू की!" ज्याला त्याला आपली टेकडी आठवत होती. ग्रामसेवकाने पेन मिटलं. ठराव 'फेरविचारासाठी' ठेवला गेला, म्हणजे मोडला, पण कुणाचं तोंड न मोडता.

निघताना मी हिराबाईंना फ्लेक्स परत केला. घडी नीट घातली होती, चिखल धुतला होता. त्यांनी तो बघितलासुद्धा नाही, कडब्यावर टाकला. "जेवून जा," म्हणाल्या.

इथे मी समाधानाने थांबले असते. पण गेल्या आठवड्यात दादाने एक फोटो पाठवला. टेकडीच्या पायथ्याशी चार खांबांवर एक प्रचंड फलक उभा राहिला आहे. भाऊ कमरेपर्यंत, हात जोडलेले, कळलावीच्या वेलीआडून हसणारे. गोरखनेच काढलेला फोटो, मोठा केलेला. वर मजकूर: 'मा. भाऊंच्या संकल्पनेतून साकारलेले नैसर्गिक पुष्पवैभव'. सीतेची आसवं भाऊंच्या संकल्पनेतून साकारली. ज्या कातळावर ती फुलतात त्याचं वय काढायला भूगर्भशास्त्रज्ञ लागतो. भाऊंचं वय दरवर्षी फ्लेक्सवर छापलेलं असतं. आणि तो फलक रोवायला चार खड्डे खणले ते नेमके तेरड्याच्या ताटव्यात. मी दादाला फोन करून पंधरा मिनिटं बोलले. त्याने फोन बाजूला ठेवून चहा केला असावा; मधे कपबशीचा आवाज आला.

"झालं बोलून?" शेवटी त्याने विचारलं. "जेसीबी आला नाही, नलू. फुलं आहेत."

"आहेत," मी म्हणाले. मग विचारलं, "दादा, तो फलक मागून कसा आहे?"

"काळा," तो म्हणाला. "हिराबाईंनी पहिल्याच दिवशी मागे जाऊन बघितलं. आणि माप घेतलंय गोठ्याचं."

पुढच्या भाद्रपदात मी जाणार आहे. दर फुलाचे दोन फोटो काढणार आहे: एक पडदा लावून, आणि एक पडदा काढून, टेकडीसकट.